नाशपातीचा बिनसाखरेचा जॅम आणि शुगरवाल्यांसाठी थोडं गोडधोड

श्रावण लागला की नागपूरच्या संत्रा मार्केटात नाशपातीच्या पेट्या उतरायला लागतात आणि माझे फोन सुरू होतात. महाल भागातल्या आमच्या घरून मी लोणची आणि मुरंबे विकते. पूर्वी लोक विचारायचे, "काकू, साखरांबा उरला का एखादी बरणी?" आता विचारतात, "काकू, आमच्या यांना शुगर निघाली, त्यांना चालेल असं आहे का काही?" यात नवल नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, त्यात देशातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर होता. त्यातले बरेचसे आमच्याच गल्लीत राहतात असं कधीकधी वाटतं.

तर आहे, नाशपातीचा जॅम आहे. पण मी तो विकत नाही, फक्त कृती सांगते. त्याचं कारण कळलं की अर्धी कृती तिथेच कळते.

साखर जॅममध्ये तीन कामं करते. गोडी आणते हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम घट्टपणाचं. फळातलं पेक्टिन जाळं धरतं ते भरपूर साखर आणि थोडी आंबट चव असेल तरच, नाहीतर रस आपला रसच राहतो. तिसरं काम टिकवण्याचं. साखर फळातलं पाणी धरून ठेवते, मग बुरशीला आणि जंतूंना ते मिळत नाही. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात जॅम म्हणवून घ्यायला विद्राव्य घटक निदान 65 टक्के लागतात, आणि त्यातली बहुतेक साखरच असते. म्हणजे बाजारच्या जॅमच्या 20 ग्रॅमच्या चमच्यात 13 ग्रॅमच्या आसपास साखर आली.

ती काढून टाकली की ही तिन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात. लोक फक्त गोडीचा विचार करतात, साखरेच्या जागी शुगरफ्रीच्या पुड्या ओततात आणि मग म्हणतात, "काकू, पातळ झालं, आणि चौथ्या दिवशी वर पांढरं आलं." येणारच. मी विकत नाही ते याचसाठी. बिनसाखरेची बरणी फ्रीजबाहेर राहत नाही. महालातून मनीषनगरला कोणाच्या डिक्कीत घालून पाठवली तर पोचेपर्यंत तिचं काय होईल मला सांगता येत नाही.

नाशपातीच का

100 ग्रॅम नाशपातीत साधारण 57 कॅलरी, 15 ग्रॅम कर्बोदकं, त्यातली 10 ग्रॅमच्या आसपास साखर, आणि 3 ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर. तिचा ग्लायसेमिक इंडेक्स 40 च्या आत धरतात, म्हणजे रक्तातली साखर ती हळू चढवते. एक कारण असं की तिच्यातल्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा आहे. दुसरं कारण चोथा. आणि चोथ्याचा मोठा हिस्सा सालीत असतो, म्हणून पुढच्या सगळ्या कृतींत मी साल काढायला सांगणार नाही. धुवा नीट, चोळून धुवा, बस.

पण "नैसर्गिक साखर आहे, कितीही चालते" हे डोक्यातून काढा. नाशपातीतली साखर ही साखरच आहे, आणि आटवली की ती एका चमच्यात गोळा होते. तो हिशोब पुढे देते.

गूळ, मध आणि खजूर घालून "शुगरफ्री" म्हणायची जी पद्धत निघाली आहे तिच्यावर माझा राग आहे. गुळात बहुतांश साखरच असते आणि सुकलेल्या खजुराचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचं असतं. खजुराचा लाडू चांगला लागतो, मीही खाते, पण शुगरवाल्याच्या ताटात तो "औषधी" म्हणून वाढू नका. अजून एक. दुकानातल्या "नो अ‍ॅडेड शुगर" लिहिलेल्या बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे पुष्कळदा सफरचंद, द्राक्ष किंवा नाशपातीच्याच रसाचं कॉन्सन्ट्रेट असतं. चोथा काढून आटवलेला फळाचा रस म्हणजे साखरेचा पाकच झाला, समोर नाव वेगळं असलं तरी.

बाजारात काय घ्यायचं

आपल्याकडे मुख्य दोन प्रकार येतात. एक लांबट मानेचा, पिकला की पिवळसर आणि मऊ होणारा बब्बूगोशा, काश्मीर-हिमाचलाकडचा. दुसरा गोलसर, टणक, अंगावर बारीक ठिपके असलेला, ज्याला आपले फळवाले नुसतं नाशपाती म्हणतात आणि उत्तरेकडे नाख म्हणतात. बब्बूगोशा जॅमला. टणक नाशपाती हलव्याला आणि वाफवायला. टणक फळात खाताना रेतीसारखे कण लागतात, ते शिजूनही विरघळत नाहीत, म्हणून तिचा जॅम केलाच तर चाळणीतून गाळावा लागतो, आणि गाळला की साल आणि चोथा दोन्ही चाळणीत राहतात. मग एवढा खटाटोप कशाला?

बब्बूगोशा आतून बाहेर पिकतो. पोट दाबून काही कळत नाही. पोट मऊ लागेपर्यंत आतला गर भुरा आणि भुसभुशीत झालेला असतो. देठाजवळ मानेला अंगठ्याने हलकं दाबा, तिथे थोडं दबलं की फळ तयार. गोकुळपेठेतला माझा फळवाला न सांगताच एक कापून दाखवतो, "देखो काकू, अंदर से साफ है." गाभा काळपट दिसला तर त्या पेटीतलं काहीच घेऊ नका. कडक मिळाले तर कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्यासोबत ठेवा. आपल्या पावसाळी उकाड्यात दोन-तीन दिवसांत तयार होतात. रोज मान तपासा, कारण पिकायला लागला की बब्बूगोशा थांबत नाही.

जॅमसाठी नुकतेच तयार झालेले घ्या. फार पिकलेल्यात साखर जास्त, आंबटपणा कमी आणि पेक्टिनही ढिलं पडलेलं. नाशपातीत मुळात पेक्टिन पेरूपेक्षा आणि सफरचंदापेक्षा कमीच असतं. म्हणून मी सोबत एक पेरू टाकते.

जॅम

एक किलो बब्बूगोशा, एक मध्यम पेरू, दोन मोठे चमचे निंबूचा रस, बोटभर दालचिनी, पेरभर आलं किसून, चिमूटभर मीठ, अर्धी वाटी पाणी. वेलची हवी तर शेवटी. साखर नाही, गूळ नाही.

भांडं स्टीलचं जाड बुडाचं घ्या, तोंड जितकं पसरट तितकं चांगलं. लोखंडी कढई नको, नाशपाती काळी पडते. साध्या अॅल्युमिनियमच्या गंजातही (पातेल्यातही) नको, निंबू आहे. फोडी कापतानाच एका गंजात पाणी आणि त्यात थोडा निंबू पिळून ठेवा आणि फोडी त्यात टाकत जा, नाहीतर शेवटची कापेपर्यंत पहिली तांबूस होते. गाभा आणि बिया काढा. एक किलोतून साधारण 850 ग्रॅम हाती लागतं.

पेरूच्या फोडी वेगळ्या, वाटीभर पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून घासून घ्या. बिया वर राहतील, खाली दाटसर गर येईल. नाशपातीच्या फोडी निथळून अर्धी वाटी पाण्यासह कुकरमध्ये, एक शिट्टी पुरे. थंड झाल्यावर सालीसकट मिक्सरमध्ये फिरवा. अगदी गुळगुळीत करू नका, थोडी कणी राहिली की पोळीवर फळ खाल्ल्यासारखं लागतं.

आता दोन्ही गर, दालचिनी, आलं आणि मीठ पसरट भांड्यात घालून आटवायला ठेवा. इथे घाई चालत नाही. पहिली पंधरा मिनिटं मध्यम आच, मग मंद. दाट व्हायला लागलं की गर फटफट उडायला लागतो आणि तो उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण हाताला चिकटून बसतो. लांब दांड्याचा सराटा घ्या, झाकण तिरपं धरा, आणि लहान मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नका. शेवटी दर मिनिटाला बूड खरवडत हलवायचं. बुडाशी लागलं तर ती करपट चव सगळ्या गरात उतरते, वेलची घालून झाकली जात नाही.

झालं कधी म्हणायचं? साखरेच्या जॅमला तार पाहतात, थर्मामीटरवाले 105 अंश पाहतात. इथे दोन्हीचा उपयोग नाही. साखरेचा पाकच नाही तर तार कशी येणार, आणि तापमान 100 च्या आसपासच घुटमळत राहतं. मी ताटली पाहते. स्टीलची छोटी ताटली फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर चमचाभर गर टाका, दोन मिनिटांनी पाहा. गराभोवती पाण्याचं कडं पसरलं तर अजून आटवायचं आहे. कडं नाही आणि बोटाने मधून ओढलेली रेघ तशीच राहिली तर गॅस बंद करा. या वेळेपर्यंत गर साधारण निम्मा, चारशे-सव्वाचारशे ग्रॅम झालेला असतो. वजनकाटा असेल तर रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवा, म्हणजे अंदाजाला आधार मिळतो.

निंबूचा रस शेवटच्या पाच मिनिटांत. चवीला तर लागतोच, पण नाशपाती स्वतः फार आंबट नसते आणि टिकवायला आंबटपणा हवा, म्हणून तो वगळू नका. दालचिनी काढून टाका.

आता हिशोब. निम्मं आटलं म्हणजे 20 ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात जवळपास 40 ग्रॅम नाशपाती आली. त्यात साधारण 6 ग्रॅम कर्बोदकं, त्यातली 4 ग्रॅम साखर, आणि एक ग्रॅमभर चोथा. बाजारच्या जॅमच्या 13 ग्रॅमपुढे 4, म्हणून मी हो म्हणते. पण दोन चमचे म्हणजे जवळपास अर्धी नाशपाती, चार म्हणजे अख्खी. कोणी वाटीत घेऊन चमच्याने खायला बसलं तर तो हिशोब तिथेच मोडला. आणि ज्या पोळीला लावतो ती पोळीही मोजायची. एका मध्यम पोळीत 15 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, जॅमच्या दोन चमच्यांतही तेवढी नसतात.

गोडी कमी वाटली तर

आधी काहीच न घालता खाऊन पाहा. आटलेली नाशपाती चांगलीच गोड असते, आणि दालचिनी, वेलची, चिमूटभर मीठ ती गोडी वर आणतात. आठवडाभर साखरेचा चहा सोडलेल्या माणसाला हे पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी:

स्टीव्हिया उष्णतेत टिकतो, आपल्याकडे त्याला 2015 पासून परवानगी आहे. फार कमी लागतो. जास्त झाला की जिभेच्या मागच्या बाजूला कडवट रेंगाळतो, म्हणून गॅस बंद केल्यावर चिमूट चिमूट घालून चाखा. एरिथ्रिटॉल साखरेच्या साधारण सत्तर टक्के गोड आणि कॅलरी जवळजवळ शून्य, पण फ्रीजमध्ये त्याचे खडे होतात. जॅम दाताखाली कचकच लागतो आणि तोंडात पेपरमिंटसारखा गारवा येतो, मला नाही आवडत. अ‍ॅस्पार्टेमची गोडी उकळताना कमी होते, तो शिजवायच्या कामाचा नाही. सुक्रालोज चालतो, मात्र पुडीमागे पाहा. बऱ्याच पुड्यांत जागा भरायला माल्टोडेक्स्ट्रिन असतं आणि ते रक्तात साखरेसारखंच वागतं. "शुगरफ्री" मिठाईत माल्टिटॉल असतो, तोही साखर वाढवतो, साखरेपेक्षा कमी एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला असे गोडवे वापरू नका. ती सूचना मधुमेह आधीच असलेल्यांना लागू नाही, तसं त्यांनी त्यातच म्हटलं आहे. तरीही घरातल्या बाकीच्यांनी, विशेषतः मुलांनी, ते कशाला खायचे? त्यांना साधा जॅम द्या, थोडा द्या.

पोटाचंही सांगते. नाशपातीत सॉर्बिटॉल (एरिथ्रिटॉल-माल्टिटॉलच्याच जातीचा गोडवा) असतो, शंभर ग्रॅममध्ये दोनेक ग्रॅम. चमच्याला काही होत नाही. वाटीभर खाल्लं आणि वर एरिथ्रिटॉल किंवा माल्टिटॉलची मिठाई घेतली तर पोट गुडगुडतं, काहींना पळावंही लागतं.

भरायचं आणि ठेवायचं

काचेच्या छोट्या बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून कोरड्या करा, जॅम गरम असतानाच भरा, झाकण लावा, कोमट झाल्यावर फ्रीजमध्ये. दहा दिवस धरा. रोज कोरडा चमचा. हिवाळ्यातही बाहेर ठेवू नका, नागपूरचा हिवाळा दुपारी काही हिवाळा नसतो.

बाकीचा फ्रीजरमध्ये, आणि तो बर्फाच्या ट्रेमध्ये. ट्रेच्या एका खणात साधारण एक चमचा बसतो. गोठल्यावर खडे काढून डब्यात भरा. रात्री एक खडा वाटीत काढून ठेवला की सकाळच्या नाश्त्याला तयार. तीन महिने चांगला राहतो आणि माप आपोआप सांभाळलं जातं. घरातल्या ज्या व्यक्तीला बरणी दिसली की राहवत नाही, तिच्यासाठी हाच उपाय मला लागू पडलेला दिसतो. आमच्या सासूबाई खडा चाखून म्हणाल्या, "हे का बाप्पा, मोजून द्यायचं गोड!" पण खातात.

इतकं आटवायला वेळ नसेल तर झटपट प्रकार आहे. दोन नाशपात्या सालीसकट किसा, निंबू आणि आलं घालून आठ-दहा मिनिटं शिजवा, गॅस बंद करून दोन चमचे चिया किंवा हलक्या भाजलेल्या जवसाची पूड मिसळा. दोन्हींचा बुळबुळीतपणा पाणी धरून ठेवतो, तासाभरात गर बसतो. जवस आपल्या विदर्भातलं, घरोघरी चटणीसाठी असतंच, आणि मला त्याची खमंग चव नाशपातीसोबत चियापेक्षा जास्त आवडते. रंग मात्र मातकट येतो. हा जॅम न आटवलेला, म्हणून चमच्यात साखर आणखी कमी, पण चार दिवसांत संपवा. सब्जा इथे वापरू नका, तो फुगतो पण गर बांधत नाही.

जेवणानंतरचं गोड

नाशपातीच्या दिवसांतच पोळा, तान्हा पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या येतात. महालक्ष्म्यांच्या पानात पुरण आणि आंबील असणारच, आणि पानावर बसलेल्या शुगरवाल्याला "तू नको खाऊस" म्हणणं बरं वाटत नाही. त्याच्या पानात हे ठेवा.

नाशपातीचं श्रीखंड सगळ्यात सोपं. पाऊण लिटर घट्ट दही रात्रभर टांगा, दोनशे ग्रॅमच्या वर चक्का मिळतो. पाण्यासोबत दुधातली बरीचशी साखरही निथळून जाते, म्हणून टांगायला कंटाळू नका. नेहमीच्या श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने किंवा पाऊणपट साखर जाते. इथे दोनशे ग्रॅम चक्क्याला आपल्या जॅमचे तीन चमचे, चमचाभर दुधात भिजवलेलं केशर, वेलची. हाताने फेटा, मिक्सर नको, पातळ होतं. वरून चारोळी. तीन छोट्या वाट्या होतात आणि एका वाटीत कर्बोदकं दहा ग्रॅमच्या आसपास. जॅम थंडगार असायला हवा.

बासुंदी किंवा खिरीत नाशपाती घालायला लोक फार उत्सुक असतात. दूध आटवलं की त्यातली लॅक्टोजही दाट होते, म्हणजे साखर न घालताही बासुंदी बिनसाखरेची होत नाही. आणि निंबू घातलेला जॅम गरम दुधात पडला की दूध फाटतं. सोडून द्या तो नाद.

वाफवलेली नाशपाती पाहुण्यांना आवडते. टणक नाशपाती उभी अर्धी करा, चमच्याने गाभा कोरून छोटी खळगी करा, निंबू चोळा. गंजात दोन पेले पाणी, दालचिनी, दोन लवंगा, आल्याच्या चकत्या आणि संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या. पट्टी काढताना आतला पांढरा भाग सोडा, तो कडू असतो. संत्र्याचा रस घालू नका, आपण नागपूरकर रस ओतायला तयारच बसलेलो असतो, पण त्यात साखर आहे आणि इथे हवा आहे तो सालीतल्या तेलाचा वास. अंबिया बहाराची संत्री यायच्या आधी ही कृती करायची असेल तर मागच्या हंगामाची सुकवलेली साल वापरा, निम्मी. फोडी त्या पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. सुरी आरपार जायला हवी, पण फोड हातात धरली तर मोडायला नको. काढून थंड करा. उरलेलं पाणी आटवून दोन-तीन चमचे ठेवा, तेवढंच वरून घाला. खळगीत चमचाभर चक्का आणि भाजून ओबडधोबड कुटलेले अक्रोड किंवा फल्लीदाणे. अर्ध्या नाशपातीचं माप आपोआप ठरतं, बारा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं.

हलवा मी शेवटी ठेवला कारण त्यात मन जास्त रमतं. अर्धा किलो टणक नाशपाती सालीसकट मोठ्या छिद्राच्या किसणीवर किसा, निंबूच्या पाण्यात नको, लगेच कढईत. मोठा चमचाभर तूप तापवा आणि कीस मोठ्या आचेवर परता. याला पाणी बरंच सुटतं. पिळून ते फेकू नका, गोडी त्यातच आहे. झाकण न ठेवता परतत राहा. आधी कीस पारदर्शक होतो, मग पाणी आटतं, मग कडेने हलका बदामी रंग येतो आणि घरभर भाजक्या फळाचा वास सुटतो. हा रंग येऊ द्या. बहुतेक लोक पाणी आटलं की लगेच दूध ओततात आणि हलवा फिका, शिजवलेल्या भाजीसारखा राहतो. साखर घालायची नाही तर चव कुठून तरी यायला हवी, ती या भाजण्यातून येते. मग पन्नास ग्रॅम खोवा कुस्करून घाला, पाच मिनिटं परता, वेलची, जायफळाची चिमूट, आठ-दहा बदामांचे काप. सहा वाट्या होतात, प्रत्येकीत चौदा-पंधरा ग्रॅम कर्बोदकं. खोवा इतवारीतून ताजा आणा आणि गोड नाही ना हे विचारून घ्या. काही ठिकाणी पेढ्यासाठी साखर मिसळून ठेवलेला असतो.

मीटर आणि गोळ्या

प्रत्येकाचं शरीर वेगळं. नवीन पदार्थ पहिल्यांदा खाल तेव्हा खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचा. जेवणानंतर 180 च्या आत, असं लक्ष्य पुष्कळ डॉक्टर देतात, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं दिलं असेल तर ते धरा. दोन आकड्यांमधला फरक फार आला तर चमचा अर्धा करा, किंवा त्या जेवणातली एक पोळी कमी करा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर कधी अचानक उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. त्या वेळी हा जॅम तोंडात घालू नका. तो हळू चढवतो म्हणून तर आपण केला, आणि तेव्हा भरभर चढवायचं असतं. 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ज्यांच्या चिठ्ठीवर वोग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांना साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर फुटू देत नाही. त्यांच्या घरात ग्लुकोजची पावडर हवी, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.